चौथा टाका

७ फेब्रुवारी २००६

लिहायचं कारण एवढंच की ही सिनेमावाली माणसं सकाळी एक बोलतात आणि दुपारी दुसरं. फॅक्टरीत शिफ्टचं रजिस्टर असायचं, खाली सही असायची. नंतर कोणी बोललेलं फिरवू शकत नव्हता. इथे तसं काही दिसत नाही. म्हणून मीच लिहून ठेवणार. शिक्षण सातवी. शुद्धलेखन तपासायला कोणी येणार नाही.

आज गिंडीतल्या माझ्या वेल्डिंगच्या शेडवर संकेत म्हणून एक तिशीचा माणूस आला. मुंबईचा, सिनेमाचे सेट बांधणाऱ्या खात्यातला. या तमिळ मुलखात मराठी वेल्डर आहे असं कुणीतरी सांगितलं म्हणे.

"काका, गॅलरीची रेलिंग करून पाहिजे. लोखंडी, आठ फूट."

"करू."

"पण तुटली पाहिजे."

मी म्हटलं, परत सांग.

"म्हणजे बाई पाठीनं येऊन आदळली की तुटली पाहिजे. बरोब्बर तेव्हाच. आधी नाही, नंतर नाही."

मी आवडी गावातल्या रणगाड्यांच्या फॅक्टरीत एकतीस वर्षं वेल्डर. रणगाड्याचे सांधे मारलेत. एक काम परत आलं नाही. आणि हा मला सांगतो तुटणारं कर. हाकलणारच होतो, पण त्यानं कागद पसरला. त्यावर एक गल्ली, समोरासमोर दोन घरं, खिडक्या मोजून काढलेल्या. काम चोख होतं. म्हणून बसायला सांगितलं.

हिंदी पिक्चर आहे. चौधरी आणि राठी अशी दोन घराणी. वीटभट्टीच्या जागेवरून आजोबांच्या वेळेला एक खून झाला, त्याला उत्तर म्हणून दुसरा, ते नातवांपर्यंत चालूच.

"एकूण मेले किती?"

"दिसतात ते एकोणीस."

"आणि गाणी?"

"चार."

शेवटी म्हणे चौधऱ्यांची मुलगी राठींच्या घरात एकटी शिरते, सगळ्यांशी लढते आणि कठडा मोडून वीस फूट खाली पडते.

"मरते?"

"नाही काका. उठते. तिथेच तर शिट्ट्या."

विचारलं, लाकडाची का नाही करत? म्हणाला, जवळून लाकूड कळतं, आणि डायरेक्टरला लोखंडाचा आवाज हवा. हे पटलं. पिक्चरला अजून नाव नाही, कागदावर 'प्रॉडक्शन नंबर चार'. आमच्याकडेही कामाला नंबरच असायचे. घेतलं काम.

९ फेब्रुवारी

सेट बघून आलो. आख्खी गल्ली उभी केली आहे. गटार आहे, विजेच्या तारा आहेत, भिंतीवर पानाच्या पिचकाऱ्या आहेत. पिचकाऱ्या ब्रशनं मारलेल्या! विटेला हात लावला तर थर्माकोल. मागे जाऊन बघितलं तर घरच नाही, नुसते बांबू. खोटेपणाचा राग येतो मला, पण खरं सांगायचं तर अर्धा तास तिथेच फिरत होतो. एका दाराच्या चौकटीला वाळवी लागलेली दाखवली आहे. ज्यानं केली त्याला भेटायचं आहे.

घरी आल्यावर हिचा पहिला प्रश्न, "हिरो बघितलात?"

"बघितला. बसला होता."

"अहो, कसा दिसतो?"

"बसलेला."

ही रागावून आत गेली.

१३ फेब्रुवारी

फायटिंगचा मुख्य रंगा मास्टर. तमिळ माणूस, साठीला आलेला, नाक दोनदा मोडलेलं, उंची माझ्या खांद्याएवढी. बोलतो तमिळ. चाळीस वर्षं इथे काढल्यावर मला अडत नाही. इथे मराठीत लिहितो.

रेलिंग मी अशी केली: मधोमध कापली आणि दोन फाटकं केली. दोन्ही बाहेर उघडतात, बाजूच्या खांबांना बिजागरी. म्हणजे लोखंड पडणाऱ्या माणसाबरोबर खाली जात नाही, लटकून राहतं. मधे वरच्या दांडीत एक आणि खालच्या दांडीत एक लाकडाची खुंटी. धक्का बसला की खुंट्या मोडायच्या, फाटकं उघडायची. वरून रंग. बघणाऱ्याला सलग दिसते.

मास्टरनं बावन्न किलोचं वाळूचं पोतं आणवलं आणि दोघांकडून फेकवलं. पोतं आदळलं आणि परत आत आलं. सगळे हसले. मास्टर हसला नाही. खुंटी काढून वास घेतला.

"सागवान?"

"मग काय घालणार?"

"किती वर्षं नोकरी?"

"एकतीस."

"मग हाताला समजावायला वेळ लागेल," म्हणाला.

मला शिकवतो! पण मग त्यानं पाच-सहा तऱ्हेची लाकडं मागवली, एकेक बोटात धरून मोडली आणि आवाजावरून एक निवडलं. माप मी काढलं. चौथ्या खेपेला पोतं असं बाहेर गेलं की गल्लीतली कबुतरं उडाली. ती कबुतरं तेवढी खरी आहेत.

बावन्न किलो कुणाचं वजन ते विचारलं. म्हणाला, "कनकाचं."

२१ फेब्रुवारी

कनका म्हणजे हिरॉइनच्या जागी पडणारी. सव्वीस वर्षांची, सडपातळ, हाताच्या कोपरांना घट्टे. मी वर रेलिंग बसवत होतो तर मागून आवाज, "तात्या, तुम्ही मराठे का?"

घरचे तंजावरचे, शेकडो वर्षांपूर्वी तिकडून आलेले. मराठी बोलते पण चाल तमिळ, आणि शब्द असे की आमच्या आजीच्या तोंडी ऐकलेले. मला हसू आलं. तर म्हणते, "हसूं नका. आम्ही सांभाळून ठेवलें, तुम्ही खराब केलें."

मी बोल्ट आवळायला घेतला.

तिच्याकडून कळलं ते असं. बाईच्या जागी पडायला इथे पुरुषच घेतात. केसांचा टोप, बाईचे कपडे, दुरून कोण बघतंय. गेली कित्येक वर्षं ते काम अप्पाजी करतो. या वेळी रंगा मास्टर अडून बसला की बाईच्या जागी बाई पडेल. डायरेक्टर कसाबसा तयार झाला. हा तिचा पहिला मोठा शॉट. नीट झाला तर तिच्यामागे आणखी तिघी थांबल्यात, त्यांना दार उघडेल. बिघडला तर मास्टरलासुद्धा पुन्हा बोलायला तोंड नाही.

"अप्पाजी रागावला असेल," मी म्हटलं.

अप्पाजी खालीच उभा होता. धिप्पाड माणूस, जाड मिशी. ओरडला, "रागावतो कशाला? दर वेळी मिशी काढावी लागते! घरी बायको ओळखत नाही!"

२ मार्च

आज दोन घराण्यांची गल्लीतली मारामारी. सकाळपासून पस्तीस माणसं एकमेकांना काठ्यांनी बडवत होती. मला वाटलं होतं आरडाओरडा आणि गोंधळ असेल. तसं अजिबात नाही. प्रत्येकाला माहीत, कितव्या पावलाला कोणाची काठी कुठे येणार. मास्टर आकडे म्हणतो, पाचला खाली वाकायचं, सहाला पडायचं. एकाची काठी दुसऱ्याच्या कानापासून चार बोटांवरून जाते आणि तो डोळा मिटत नाही. असेंब्लीच्या लाइनवरसुद्धा एवढी शिस्त नव्हती, आणि तिथे आम्हाला कोणी मारत नव्हतं.

दुपारी चौधरी आणि राठी एका पंगतीला बसून सांबार-भात जेवले. ज्याला गळा दाबून मारला तो मारणाऱ्याला अप्पळम, म्हणजे इथला पापड, वाढत होता.

हे लोक मला आवडायला लागलेत. हिला सांगितलं नाही.

८ मार्च

उद्या शॉट. आज कनकाची तालीम, पडायसाठी खाली पुठ्ठ्याची खोकी रचायच्या आधी. पावलं मोजायची, मागे सरकायचं, रेलिंगपाशी थांबायचं. पडायचं नाही.

मधेच वेळ होता तर ही बया रेलिंगला टेकून उभी राहिली आणि खाली अप्पाजीशी गप्पा मारायला लागली. खाली वीस फूट आणि सिमेंट. आत बोटाएवढ्या दोन लाकडी खुंट्या. मला सांध्याची कुरकुर ऐकू आली. मी हाका मारल्या, तर म्हणते, "काही नाही होत तात्या."

तिला बाजूला घेतलं, वेल्डिंगचं मशीन लावलं, आणि दोन फाटकं जुळतात तिथे लोखंडाचे चार टाके मारले. वरच्या दांडीला दोन, खालच्या दांडीला दोन. छोटे. नुसते तालमीपुरते. उद्या सकाळी घासून काढायचे. मास्टर तेव्हा खाली होता, त्याला सांगायचं राहिलं.

ती पडो नाहीतर उडो, मला काय. पण मी केलेल्या कामावरून माणूस गेलेला मला चालणार नाही.

९ मार्च

शॉट झाला नाही.

सकाळी टाके काढले, खुंट्या तपासल्या, रंगाचा हात फिरवला. खाली खोकी, वर गाद्या. मास्टर आधी स्वतः खोक्यांवर उडी मारून आला, या वयात, आणि उठून पँट झटकली. पाच कॅमेरे. कनका हिरॉइनच्या कपड्यात. हिरॉइन तेच कपडे घालून छत्रीखाली.

पावलं बरोबर पडली. पाठ रेलिंगवर आदळली, वरची खुंटी मोडल्याचा आवाज आला. आणि थांबलं सगळं. रेलिंग धनुष्यासारखी वाकली आणि तिला परत आत फेकलं. खांदा खांबावर बसला.

डायरेक्टर म्हणाला, जोर कमी पडला. संकेतनं मान हलवली. कॅमेऱ्याचा एक माणूस हिंदीत म्हणाला, बाईचं वजन ते किती असणार. मास्टर एकटा रेलिंगकडे बघत होता, पण तेवढ्यात तिला डॉक्टरकडे नेलं आणि तो बरोबर गेला.

चारी टाके मी काढले होते का? तीन आठवतात.

१० मार्च

दुसरीकडे शूटिंग होतं, गल्लीत कोणी नव्हतं. वर गेलो. पोटावर झोपून खालच्या दांडीच्या खालून बोट फिरवलं. आहे. चौथा टाका आहे. वाटाण्याएवढा. त्यावरून रंगसुद्धा मीच दिलेला.

घाईत राहिला. उजेड कमी होता. असं होतं कधीकधी.

ग्राइंडर बरोबर होता. दोन सेकंदांचं काम, कुणाला कधी कळलं नसतं. चालू करणार तर जिन्यावर पावलं. कनका. हात गळ्यात बांधलेला. हाड मोडलं नाही, मुका मार आहे म्हणाली. माझ्याशेजारी बसली.

"सोमवारी अप्पाजी करणार," म्हणाली.

"असं?"

"माझेंच चुकलें, तात्या. शेवटच्या पावलाला मी भ्यालें असेन. मला कळलें नाही, पण अंगानें धरलें असेल. नाहीतर मोडली कशी नाही?"

मी काय म्हणालो? म्हणालो, हळद लाव.

लिहिताना लाज वाटते. पण जे बोललो ते लिहायचं असं ठरवलं आहे.

ग्राइंडर तसाच परत आणला.

१२ मार्च

दोन दिवस जेवण जात नाही. हिनं विचारलं, "हिरो काही बोलला का तुम्हाला?" हिच्या डोक्यात दुसरं काही येतच नाही.

मग ताट उचलताना म्हणाली, "का त्या पोरीला जास्त लागलंय?"

मी हिला पोरीचं नावसुद्धा कधी सांगितलं नव्हतं. विचारलं, तुला कोणी सांगितलं? म्हणते, "पंधरा-वीस दिवस रोज संध्याकाळी तिचंच तर सांगता."

मी असं काही सांगत नाही. जेवताना काही निघालं असेल तेवढंच.

एकतीस वर्षांत एक काम परत आलं नाही. हे मी सगळ्यांना सांगतो. सेटवर संकेतला सांगितलं, मास्टरला सांगितलं, चहावाल्याला सांगितलं. उद्या त्यांच्यासमोर काय सांगू? आणि नाही सांगितलं तर ती पोरगी जन्मभर समजणार की ती भ्याली.

१३ मार्च

लवकर पोचलो. अप्पाजी खुर्चीवर, हिरॉइनच्या रंगाचा पंजाबी ड्रेस, मांडीवर केसांचा टोप, ओठावर काही नाही. मिशी काढून झाली होती. कनका कोपऱ्यात खोकी रचायला मदत करत होती, एका हातानं.

मी डायरेक्टरसमोर जाऊन उभा राहिलो आणि हिंदीत म्हटलं, साहेब, लडकी का कसूर नहीं है. रेलिंग मेरी है, मेरी गलती है. सगळं युनिट वळलं. मास्टरला वर नेलं, त्याचं बोट धरून त्या टाक्यावर ठेवलं.

तो बराच वेळ बोट फिरवत राहिला. मग तमिळमध्ये, हळू आवाजात विचारलं, "विसरलात, का ठेवलात?"

"विसरलो."

तो नुसता बघत राहिला. त्या मोडक्या नाकावरून सरळ माझ्याकडे.

"ठेवला," मी म्हटलं. माझ्या तोंडून आल्यावर मला कळलं की ते खरं आहे.

खाली डायरेक्टर बोलला ते लिहीत नाही. म्हाताऱ्याला कुणी आणलं, पाच कॅमेऱ्यांचा दिवस वाया गेला, वगैरे. बरोबरच होतं त्याचं. संकेतचं तोंड पांढरं पडलं. माझं सामान बाहेर ठेवायला सांगितलं.

कनका माझ्यापुढे आली. मला वाटलं रडेल. कसलं काय.

"तुम्हाला कोणी सांगितलें होतें मला वाचवायला?"

"कोणी नाही."

"चार दिवस मी स्वतःला भित्री म्हणत होतें. झोप नाही मला. आणि तुम्ही हळद लाव म्हणालां!"

"म्हणालो."

"परत असें कराल?"

मी म्हटलं, नाही करणार.

तिनं गळ्यातला हात सोडवला, दोनदा खांदा फिरवला. दुखत होतं, दिसत होतं. मास्टरकडे बघितलं. मास्टरनं डायरेक्टरला सांगितलं, मुलगी करेल. आणि रेलिंग हाच माणूस लावेल.

डायरेक्टर म्हणाला, हा? परत?

मास्टर म्हणाला, "आमच्यात असंच असतं. ज्यानं दोराला गाठ मारली त्यानं पडणाऱ्याला दिसेल असं उभं राहायचं. पडणारा त्याच्याकडे बघतो, तो मान हलवतो, मगच उडी. मान हलवणाऱ्यानं चूक केली तर पुढे त्याला कोणी विचारत नाही. त्याच्याइतकं काळजीनं आज कोण काम करेल?"

अप्पाजीनं टोप काढून फेकला. "आणि माझी मिशी कोण देणार?" सगळे हसले, डायरेक्टरसुद्धा. तिथे गाडी वळली.

चौथा टाका घासला. मास्टरनं बोट फिरवलं, मी फिरवलं, कनकानं फिरवलं. नव्या खुंट्या घातल्या. मग मला तिच्या वाटेच्या समोर, कॅमेऱ्यात येणार नाही असं पलीकडच्या खिडकीत उभं केलं. चौधऱ्यांच्या घरातून राठींच्या घराकडे बघतो तसा.

ती आली. पाठ फिरवायच्या आधी माझ्याकडे बघितलं. एवढंसं तोंड. माझ्या मनात आलं, अजून एकदा तपासू. आलं, गेलं. मान हलवली.

लोखंडाचा आवाज झाला तसा मी फॅक्टरीतही ऐकलेला नाही. दोन्ही फाटकं उघडली आणि मधे नुसतं आभाळ. मी खाली बघितलं नाही. खोकी फुटल्याचं ऐकलं. मग शांत. मग टाळ्या आणि शिट्ट्या, आणि अप्पाजीचा आवाज सगळ्यांच्या वर.

खाली गेलो तर ती खोक्यांच्या ढिगातून उठत होती, केसांत पुठ्ठ्याचे तुकडे. मला म्हणाली, "बघा, मोडली." मी म्हटलं, "मोडायचीच होती." चष्मा पुसला.

तेवढ्यात डायरेक्टर ओरडला, "वन मोर!" कुठल्याशा कॅमेऱ्यात छत्रीची काडी आली होती.

कनका कधीच जिन्याकडे निघाली होती. मी दोन नव्या खुंट्या घेतल्या आणि तिच्यामागून वर गेलो. मशीन तिथेच होतं, वायर लावलेली. पुन्हा टाका मारायचं मनात आलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आलं.

मारला नाही.